आम्हालाही एक रविवार द्या : पर्यटन मंत्र्यांना परभणीहून खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परभणी जिल्ह्यात एक दिवसाच्या सहलींची सोय करण्याबाबत.

मंत्रिमहोदय,



आपण राजधानीत बसता. तिथल्या माणसाला रविवारी कुठे जायचे हा प्रश्न सहसा पडत नाही. गेटवेवरून घारापुरीची लाँच सुटते, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरले की कान्हेरीची लेणी आहेत आणि नेरळहून माथेरानची छोटी गाडी तर 1907 पासून डोंगर चढते आहे. सकाळी डबा घेऊन निघायचे, हिंडायचे, चांगलेचुंगले खायचे आणि रात्री आपल्या अंथरुणावर येऊन पडायचे. यासाठी रजा लागत नाही, हॉटेलची खोली लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही. मध्यमवर्गाच्या आणि कष्टकऱ्यांच्या वाट्याला येणारे खरे पर्यटन हेच आहे.

आमच्या परभणीपासून मुंबई रात्रभराच्या प्रवासावर आहे. गंगाखेडच्या शेतकऱ्याची, जिंतूरच्या शिक्षिकेची, पालमच्या विद्यार्थ्याची रोजची राजधानी परभणी हीच. कोर्ट इथे, कलेक्टर कचेरी इथे, मोठा दवाखाना इथे, कॉलेजही इथेच. नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. या माणसांनी रविवारी कुठे जावे, याचा विचार राज्याच्या पर्यटनाच्या आराखड्यात कुठेतरी असावा, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पर्यटक म्हटला की आपल्या योजनांच्या डोळ्यांसमोर लांबून येणारा, चार दिवस राहणारा, पैसे सोडून जाणारा माणूस येतो. त्याच्यासाठी रिसॉर्ट, भक्त निवास, प्रवेशद्वार, सुशोभीकरण. असा माणूस परभणीत फारसा येत नाही, म्हणून परभणीचा विचारही होत नाही. पण जिल्ह्याचा पहिला पर्यटक जिल्ह्यातलाच माणूस असतो. त्याला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी सोय झाली, तर लांबचा माणूस त्याच सोयीवर आपोआप येतो. आधी रिसॉर्ट बांधून मग माणसाची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि टिकाऊही.

आता आपण विचाराल, परभणीत पाहायचे काय? हा प्रश्न आम्हाला पुण्या-मुंबईचे पाहुणेच नव्हे, आमची स्वतःची मुलेही विचारतात. म्हणून जिल्ह्याचा नकाशा आपल्यापुढे मांडतो. परभणी हे केंद्र धरा. तिथून 40-45 किलोमीटरच्या आत-बाहेर गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला पूर्णा, मधून दुधना. या तीन नद्यांच्या काठाकाठाने हजार वर्षांत जे घडले ते सगळे एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

पहिला दिवस गंगाखेडचा. परभणी-परळी रेल्वेमार्गावर आधी पोखर्णी लागते. तिथे नृसिंहाचे जुने मंदिर आहे आणि स्थानकाच्या नावातच नृसिंह आहे. पुढे गाडी गोदावरीचा पूल ओलांडते आणि गंगाखेड येते. हे संत जनाबाईंचे गाव. इथून लहानपणीच ही मुलगी पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली, नामदेवांच्या घरची दासी म्हणून राहिली आणि दळता-कांडता, शेणी वेचता वेचता तिने जे अभंग रचले ते आज सातशे वर्षांनंतरही मराठी बायकांच्या तोंडी आहेत. ज्ञानेश्वरांसाठी आळंदी आहे, तुकोबांसाठी देहू आहे. जनाबाईंसाठी गंगाखेडचे मंदिर आणि गोदेचा घाट आहे, पण तिथे उभे राहून त्यांचे आयुष्य समजून घ्यावे अशी मांडणी अजून व्हायची आहे. एका घरकाम करणाऱ्या बाईचे साहित्य हे मराठीचे वैभव आहे, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलीने त्या घाटावर उभे राहून ऐकावे, असे मला मनापासून वाटते. नामदेवांचे नरसी गावही लांब नाही. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते.

गंगाखेड तालुक्यातच गोदाकाठी धारासूर आहे. तिथले गुप्तेश्वर मंदिर चालुक्य-यादव काळातल्या शिल्पकलेचा मराठवाड्यातला एक उत्तम नमुना आहे. उंच जगतीवर, म्हणजे चौथऱ्यावर, उभे असलेले मंदिर, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्ती. कुणी आरशात पाहते आहे, कुणी नृत्याच्या मुद्रेत थबकली आहे, आणि दगडाच्या अंगावर दागिन्यांचा एकेक मणी मोजता यावा इतके बारीक काम. राज्य पुरातत्त्व विभागाने या मंदिराच्या संवर्धनाचे काम हाती घेतले, याबद्दल आभार. पण मंदिर दुरुस्त होणे आणि माणूस मंदिरापर्यंत पोहोचणे ही दोन कामे आहेत. गंगाखेडला रेल्वेने उतरलेल्या कुटुंबाला धारासूरला जाऊन सूर्यास्ताच्या आत परत येता आले पाहिजे, आणि त्यासाठी हवी फक्त ठरलेल्या वेळेला सुटणारी एक बस.

दुसरा दिवस जिंतूरचा. हा आमच्या जिल्ह्याचा डोंगराळ कोपरा. गावाबाहेर नेमगिरीची टेकडी आहे. तिच्या पोटात जैन लेणी आहेत. या लेण्यांची गंमत त्यांच्या दारात आहे. दार इतके बुटके की मोठ्या माणसाला पार वाकून, कधी जवळजवळ बसूनच आत सरकावे लागते. आत गेले की डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो, आणि मग समोर भिंतभर बसलेले नेमिनाथ दिसतात. एवढ्याशा दारातून एवढी मूर्ती आत आली कशी, हा प्रश्न आत शिरलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो. दुसऱ्या गुहेत अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. त्यांचा सगळा भार एका लहानशा दगडी टेकूवर आहे आणि बाकी मूर्ती जमिनीपासून सुटी. देशभरचे जैन भाविक इथे येतात. परभणीतल्या किती घरांनी ही लेणी पाहिली आहेत?

जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की चारठाणा येते. इथे मंदिरे गावात नाहीत, गावच मंदिरांत आहे. एखाद्या घराच्या भिंतीला टेकून कोरीव खांब उभा असतो, एखाद्या अंगणात पिंड असते, वळणावर बारव लागते. पूर्वी इथे तीनशे साठ मंदिरे होती असे गावकरी सांगतात. आज जी उरली आहेत तीही एका दिवसात निवांत पाहून होत नाहीत. गावातला कोरीव दगडी स्तंभ पाहायला मान मागे टाकावी लागते. हा स्तंभ कुणी उभारला, कशासाठी उभारला, त्यावरची नक्षी कशी वाचायची, हे सांगणारा गावातलाच एखादा पदवीधर मुलगा तिथे असेल तर त्याला काम मिळेल आणि पाहुण्याला गाव कळेल.

संध्याकाळ येलदरीला. पूर्णा नदीवरचे हे धरण आमच्या आजोबांच्या पिढीने बांधताना पाहिले. धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, पाणी पुढे सिद्धेश्वरला जाते आणि परभणी, हिंगोली, नांदेडची कोरडवाहू शेते ओलिताखाली येतात. हिवाळ्यात या पाण्यावर पाखरे उतरतात आणि काठावरचे मच्छीमार जाळी ओढतात. ताजा मासा आणि ज्वारीची भाकरी मिळेल अशी दोन-चार चांगली ठिकाणे इथे महिला बचत गटांकडून सुरू झाली, तर येलदरीच्या पाण्यावर गावाचा आणखी एक संसार उभा राहील.

तिसरा दिवस सेलू आणि पाथरीकडचा. सेलू तालुक्यातल्या वालूरला एक बारव आहे. मंत्रिमहोदय, आपण राज्यभर फिरला असाल, पण अशी बारव आपण क्वचितच पाहिली असेल. आपल्याकडच्या बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ, चौकोनात उतरतात. वालूरच्या पायऱ्या गोल भिंतीला धरून फिरत फिरत खाली जातात. वरून वाकून पाहिले की दगडाचा भोवरा पाण्यात उतरताना दिसतो. माती आणि कचऱ्याने बुजत चाललेली ही बारव गावकऱ्यांनी हातात टोपली-फावडे घेऊन मोकळी केली. त्यासाठी कुणी ठेका काढला नव्हता. राज्यात बारवा स्वच्छ करण्याची आणि महाशिवरात्रीला त्यांत दिवे लावण्याची जी मोहीम तरुणांनी चालवली, तिच्यात परभणी जिल्ह्याची गावे हौसेने उतरली. परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागते, तिथे पिंगळेश्वराच्या शेजारी अशीच देखणी बारव आहे. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या या मुलखातले लोक आठशे वर्षांपूर्वी पाण्याची एवढी सुंदर इमारत बांधत होते. आपल्या जलसंधारणाच्या योजना सांगणाऱ्या प्रत्येक फलकाच्या आधी मुलांनी ही बारव पाहावी.

पाथरीत साईबाबांचे जन्मस्थान मानले जाणारे मंदिर आहे. जानेवारी 2020 मध्ये शासनाने पाथरीच्या विकासासाठी निधी जाहीर केला, त्यावरून वाद झाला आणि शिर्डी बंद राहिली. त्या वादात मला पडायचे नाही. मला एवढेच दिसते की आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून भाविक पाथरीला येतात, एका मंदिरात दर्शन घेतात आणि गाडी वळवून निघून जातात. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ गाव पाथरी होते, या गावासाठी अहमदनगर आणि वऱ्हाड यांच्यात सोळाव्या शतकात लढाया झाल्या, हे त्यांना कुणी सांगत नाही. गोदेच्या पात्रात उभे असलेले मुद्गलचे मुद्गलेश्वर मंदिर, जे पुरात पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उघडते, ते किती जवळ आहे हेही कळत नाही. आलेला माणूस आणखी चार तास थांबला तर गावातल्या खानावळीला, रिक्षावाल्याला, फुलवाल्याला चार पैसे मिळतात. नवा भाविक आणण्यासाठी जाहिरात करण्याची गरज नाही. आलेल्याला थांबवा.

चौथा दिवस खुद्द परभणीचा. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असे आम्ही मोठ्या अभिमानाने म्हणतो. या शहरात फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. त्या दिवसांत हिंदू-मुसलमान दोघांच्याही घरी पाहुणे येतात, पाळणे लागतात, रात्रभर कव्वाली चालते. याच शहरात बी. रघुनाथ राहिले. निजामी राजवटीत मराठी कविता आणि कादंबरी जगवणारा हा लेखक बांधकाम खात्यात नोकरी करत होता आणि 1953 मध्ये, चाळिशीत, कचेरीतच कामाच्या टेबलावर त्याने प्राण सोडला. 1995 मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. शहराच्या साहित्याची, उरुसाची, जुन्या वाड्यांची दोन तासांची पायी फेरी कुणी सुरू केली तर ती परभणीकरच आधी भरून टाकतील.

आणि इथेच विद्यापीठ आहे. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले, आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे. आपल्या घरी भेंडीची भाजी होते तेव्हा तिच्या बियाण्याच्या वंशात कुठेतरी ‘परभणी क्रांती’ असण्याची शक्यता मोठी आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पीक हातचे जाते त्या रोगाला तोंड देणारा हा वाण इथे निघाला आणि देशभर पेरला गेला. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीच्या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. शेतकऱ्यांसाठी विद्यापीठात मेळावे भरतात, शिवारफेऱ्या निघतात. अशी एक शिवारफेरी शहरातल्या कुटुंबांसाठी, शाळांसाठी हिवाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी का असू नये? आपण खातो तो दाणा कुणी, किती वर्षे खपून तयार केला, हे पाहणे कुठल्याही बागेतल्या कारंज्यापेक्षा मोलाचे आहे.

विद्यापीठाचे नाव काढले की हुरड्यावर आलेच पाहिजे. परभणीच्या सहलीचे जेवण म्हणजे हुरडा. रब्बी ज्वारीच्या कणसातला दाणा दुधाचा राहिलेला नसतो आणि अजून टणक झालेला नसतो, असे दिवस डिसेंबर-जानेवारीत येतात. याच दिवसांत परभणीत थंडी कडाक्याची पडते. राज्यातल्या नीचांकी तापमानांच्या बातम्यांत आमचे नाव वारंवार झळकते. अशा सकाळी शेतात आगटी पेटते. हातभर खड्ड्यात गोवऱ्या रचायच्या, जाळ बसून निखारा धरला की कोवळी कणसे त्यात खोचायची. हिरव्या कणसावर काळपट डाग पडू लागले आणि गोडसर धूर यायला लागला की कणीस बाहेर काढायचे. मग खरे काम. चटका सोसत कणीस तळहातावर चोळायचे. हे काम घरातली जाणती माणसे करतात, कारण हात सरावलेला नसेल तर दाणा चेचला जातो. चोळून झाले की सुपात घेऊन कोंडा फुंकायचा. उरतो तो हिरवागार, ऊन, मऊ दाणा. त्यावर शेंगदाणा-लसणाची चटणी, दही, गूळ. बाजूला हरभऱ्याचे डहाळे, बोरे, उसाची कांडकी. दुपारी पुन्हा चुलीवरची भाकरी, पिठले आणि ठेचा, ताक.

हा हुरडा नुसता चवीचा विषय नाही. मराठवाड्यात ज्वारीचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत गेले आणि तिच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले, कारण दाण्याला भाव नाही आणि काढणीला माणूस मिळत नाही. तीच ज्वारी हुरड्यावर आली असताना कणसाने विकली तर शेतकऱ्याच्या हातात दाण्यापेक्षा जास्त पैसे येतात, ताटे हिरवी असल्याने जनावरांना चाराही मिळतो. विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हा वाण दिला आहे. आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरले तर हंगाम दोन महिने चालतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले. त्याचा फायदा पुणे, नगर, सोलापूरकडच्या शेतांनी घेतला. परभणीच्या शेतकऱ्याकडे वाण आहे, थंडी आहे, रानही आहे. नाही ते शहरातून शेतापर्यंत गिऱ्हाईक आणणारे वाहन आणि शेतात बायकांसाठी एक स्वच्छतागृह.

याच मुद्द्यावर मला जरा थांबायचे आहे, कारण पर्यटनाच्या बैठकांत तो सहसा शेवटी येतो. आमच्याकडची सहल फसते ती स्वच्छतागृहावर. बाई सकाळी घरातून निघते तेव्हापासून पाणी कमी पिते, कारण दिवसभरात कुठे जायचे हे तिला माहीत नसते. म्हातारी आई ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते ते याचसाठी. धारासूर, चारठाणा, नेमगिरी, वालूर, मुद्गल या प्रत्येक ठिकाणी पाण्याची सोय असलेले, रोज धुतले जाणारे आणि कुलूप न लावलेले स्वच्छतागृह असेल तर सहलीला येणाऱ्यांची संख्या इतर कुठल्याही जाहिरातीशिवाय वाढेल. बांधकामापेक्षा त्याच्या रोजच्या देखभालीसाठी पैसे ठेवा. गावातल्या बचत गटाला ते काम द्या, मासिक मोबदला ठरवून द्या.

दुसरी गोष्ट बसची. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीच प्रवास मोफत झाला होता. ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या कितीतरी आजी त्यामुळे माहेरी जाऊन आल्या. आता त्याच अर्ध्या तिकिटात त्यांना जनाबाईंच्या घाटावर आणि धारासूरला जाता येईल अशी बस द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, परभणी बसस्थानकावरून सकाळी 8 वाजता निघणाऱ्या आणि संध्याकाळी 6 पर्यंत परत आणणाऱ्या तीन फेऱ्या पुरेत. एक गंगाखेड-धारासूर, दुसरी नेमगिरी-चारठाणा-येलदरी, तिसरी वालूर-पाथरी-मुद्गल. प्रत्येक ठिकाणी गाडी ठरलेला वेळ थांबेल, चालक-वाहकाला त्याचा भत्ता मिळेल. उन्हाळ्यात आमच्याकडे चाळीस अंशांच्या वर पारा जातो आणि पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते चिखलाने अडतात, तेव्हा हे पाच महिने सांभाळले तरी वर्षाचे काम झाले.

तिसरी गोष्ट माहितीची. प्रत्येक ठिकाणी एक फलक हवा. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि पाथरीला तेलुगूतही. त्यावर कुणाचे फोटो नकोत, उद्घाटनाची तारीख नको. मंदिर कधीचे, कुणाच्या राजवटीतले, मूर्ती कुणाची, बारवेत पाणी कुठून येते, एवढेच लिहा. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून आहे, परभणीची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. इतिहासाच्या प्राध्यापकांकडून मजकूर तपासून घ्या आणि त्यांच्याच विद्यार्थ्यांना स्थानिक मार्गदर्शक म्हणून शिकवा.

चौथी गोष्ट सांगताना माझी विनंती थोडी कळकळीची आहे. कृपा करून जे आहे ते बिघडवू नका. बारवेच्या दगडी पायरीवर गुळगुळीत फरशी, मंदिराच्या भिंतीला तैलरंग आणि नदीकाठी सिमेंटचा मोर म्हणजे सुशोभीकरण, अशी एक समजूत गावोगाव रुजली आहे. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. जांभळीची झाडे, दाट सावली आणि मोर. पुरात त्याचे काठ खचतात, आणि ते वाचावे म्हणून स्थानिक लोक जिवाचा आटापिटा करतात. तिथे सर्वात आधी काठ सावरण्याचे आणि झाडे लावण्याचे काम व्हावे. नाव असावी, पण वल्ह्याची. एका दिवसात किती माणसे बेटावर जातील हे ठरवून द्यावे. तिथे झगमगाट आला तर मोर जातील, आणि मोर गेल्यावर आमची मुले तिथे जाऊन पाहणार काय?

कुणी म्हणेल, एवढ्याशा सहलींना राज्याने का हात घालावा, जिल्हा नियोजन समिती आहे, क वर्ग पर्यटनस्थळांची यादी आहे, तिथून होईल. यादीत नाव येणे आणि पर्यटकाची सोय होणे यांत मोठे अंतर असते. पैसे स्थळाला मिळतात, स्थळापर्यंतच्या वाटेला नाही. बस परिवहनाची, स्मारक पुरातत्त्वाचे, रस्ता बांधकामाचा, घाट नगरपालिकेचा, शेत कृषी खात्याचे. या पाचही खात्यांना एका दिवसाच्या सहलीचा एक धागा बांधायचा असेल तर तो हात मंत्रालयातूनच यावा लागेल. जिल्ह्यात एका अधिकाऱ्याकडे हे काम सोपवा, आणि वर्षाअखेर त्याने किती कामे पूर्ण केली याऐवजी किती माणसे सकाळी गेली आणि सुखरूप, समाधानाने परत आली, हे विचारा.

आणखी एक गोष्ट. परभणी हे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे जंक्शन आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारा शीख भाविक, परळीला आणि औंढ्याला जाणारा शिवभक्त, शिर्डीहून परतणारा साईभक्त, यांतले कितीतरी जण आमच्या फलाटावरून जातात. त्यांच्यासाठी आम्हाला नवे तीर्थक्षेत्र उभारायचे नाही. आमच्याच माणसांसाठी चांगली बस, चांगला फलक, स्वच्छ पाणी आणि गरम भाकरी असेल, तर त्यांतला एखादा एक दिवस परभणीत उतरेल. पण उतरला नाही तरी बिघडत नाही. गंगाखेडची मुलगी जनाबाईंच्या घाटावर उभी राहिली आणि चारठाण्याच्या स्तंभाकडे मान वर करून जिंतूरच्या मुलाने पाहिले, तरी खर्च वसूल झाला.

आपल्या शाळांच्या सहली दरवर्षी रायगडाला जातात, वेरूळ-अजिंठ्याला जातात. जरूर जाव्यात. पण ज्या मुलाने वालूरची बारव पाहिलेली नाही त्याला अजिंठा लांबचा वाटतो, आणि ज्याने आपल्या गावाशेजारचे चारठाणा पाहिले आहे त्याला अजिंठाही आपला वाटतो. आपले गाव मागास आहे, इथे काहीच नाही, असे ऐकत मोठी झालेली पिढी पहिली संधी मिळताच पुण्याला निघून जाते. पोटासाठी जावे लागते, त्याला इलाज नाही. पण जाताना तिच्या मनात गावाबद्दल लाज नसावी, एवढे एका रविवारच्या सहलीने होऊ शकते.

म्हणून, मंत्रिमहोदय, कोट्यवधींची घोषणा नको. येत्या हिवाळ्यात एक मार्ग सुरू करा. परभणी ते गंगाखेड-धारासूर, दर रविवारी, एक बस, दोन ठिकाणी स्वच्छतागृह, दोन फलक आणि दुपारचे जेवण बनवणारा एक बचत गट. तो नीट चालला तर बाकीचे मार्ग परभणीकर आपणहून मागतील. पहिल्या रविवारी आपणही त्या बसने या, तिकीट काढून, आमच्यासोबत बसून.

आपला नम्र,
परभणी जिल्ह्याचा एक रहिवासी